गाडीवर पडलेला चीक, शीट आणि चिकटा: पेंट न खरवडता कसा काढायचा

मेच्या शेवटी आम्ही राजापूरजवळ मामाकडे गेलो होतो. ऊन असं की उघड्यावर गाडी ठेवली तर स्टिअरिंगला हात लावता येणार नाही, म्हणून मी ती सरळ फणसाखाली लावली. संध्याकाळी मामाने दोन फणस उतरवले, देठातून चीक ठिबकत राहिला तो थेट बॉनेटवर, आणि मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, तोपर्यंत त्याचे तपकिरी रबरासारखे ओघळ झाले होते. गाडी गडद निळी आणि जेमतेम नऊ महिन्यांची. मी बादलीभर पाणी, साबण आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घेऊन बसले. पाच मिनिटं घासल्यावर चीक जिथल्या तिथे, आणि त्याच्या भोवती पांढरट गोल गोल ओरखडे. मामी मागून आली आणि म्हणाली, "अगं, हाताला चीक लागला तर पाणी लावतेस की तेल?" तिने वाटीत खोबरेल आणलं, कापसाच्या बोळ्याने ओघळावर थापलं, दहा मिनिटं थांबली, मग अंगठ्याने हळूच ढकललं तर चीक गोळा होऊन सुटून आला.

चीक गेला पण माझे ओरखडे अजून आहेत, उन्हात तिरकं बघितलं की दिसतात. पुण्यात सोसायटीत माझी पार्किंगची जागा आंब्याखाली आणि वर तारेवर कबुतरं, त्यामुळे नंतर हे सगळं मला नीट शिकावंच लागलं, आणि ज्यांनी नवीन गाडी घेतलीय त्यांना माझ्यासारखे ओरखडे पडू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच एक सांगते, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते लक्षात येईल. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या क्लिअर कोटची. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. तुम्ही घासता तेव्हा या थरावर घासता, आणि तो एकदा गेला की परत येत नाही, पॅनल रंगवावा लागतो. म्हणून डाग मऊ करून उचलायचा, खरवडायचा नाही. काढायला सुरुवात लवकर करा पण काढताना घाई करू नका.

१. आधी डाग कशाचा आहे ते ओळखा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळा घोळ इथेच होतो. झाडाखालून आलेलं सगळं चिकट म्हणजे "चीक" असं आपण धरून चालतो, पण त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं.

चिकटा: गाडीवर, विशेषतः काचेवर आणि टपावर, बारीक बारीक चमकणारे ठिपके, बोट लावलं तर पाकासारखं चिकटतं. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली हमखास. मी वर्षभर याला आंब्याचा चीक समजत होते. तो झाडाचा नाहीच, मोहोरावर बसणारे तुडतुडे रस शोषतात आणि गोड पातळ स्राव टाकतात, तो हा. मावा आणि पिठ्या ढेकूणही असाच स्राव टाकतात. साखरच असल्यामुळे तो पाण्यात विरघळतो. पण तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते, संत्र्याच्या बागांत ज्याला कोळशी म्हणतात तीच, आणि मग गाडीवर काजळी उडाल्यासारखी दिसते.

डिंक: बाभूळ, कडुलिंब, शेवगा यांच्या खोडातून येणारे पिवळसर-लालसर खडे किंवा थेंब. वाळल्यावर काचेसारखा कडक. पण हासुद्धा पाण्यात फुगतो, पूर्वी पाकिटं चिकटवायला डिंकाची बाटली असायची ती आठवा.

दुधासारखा चीक: फणस, वड, उंबर, पिंपळ, रुई. पडतो तेव्हा पांढरा, वाळला की तपकिरी आणि रबरी. पाण्याने याला काहीच होत नाही. हा तेलाने सुटतो.

आंब्याचा खरा चीक: कैरी देठापासून तुटली की उडतो तो. पातळ, तेलकट, झोंबरा, अंगावर उडाला तर कातडी भाजते इतका. पत्र्यावर वाळून पिवळट चकचकीत थेंब होतो. हा पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देतो.

पक्ष्यांची शीट: ही ओळखायला कुणी सांगायला नको. पण एक लक्षात ठेवा, वडा-पिंपळाची फळं खाल्लेल्या पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेत बारीक कडक बिया असतात. मी एकदा ओला डाग चिमटीत घेऊन बघितला तर खसखशीसारख्या बिया बोटांना टोचत होत्या. कोरड्या फडक्याने तेच पुसलं तर काय होईल, विचार करा. जूनमध्ये जांभळं पिकली की शीट जांभळी पडते, घाबरू नका, तीसुद्धा तशीच काढायची.

किडे: पावसाच्या तोंडावर रात्री गाडी चालवली की पुढच्या बंपरवर आणि आरशांवर पंखवाल्या वाळवीचा नुसता थर होतो. आणि मोहोळ जवळ असेल तर मोहरीएवढे पिवळे-तपकिरी ठिपके पडतात, ती मधमाश्यांची विष्ठा, तीही पाण्यानेच जाते.

ओळखता येत नसेल तर क्रम पाठ करा: आधी पाणी, मग तेल, मग स्पिरिट. सौम्यापासून कडक. उलटा क्रम कधीच नाही.

२. काय काय सामान लागेल

- मायक्रोफायबर कापडं, निदान चार. जुने बनियन, साडीचे तुकडे, पिवळं फडकं नको, त्यांच्या शिवणीत आणि धाग्यात माती अडकते
- दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसतं कापड खळबळायची
- गाडीचा शॅम्पू, पीएच न्यूट्रल (म्हणजे आम्लही नाही, क्षारही नाही) लिहिलेला. भांड्यांचा साबण रोज वापरला तर वॅक्स निघून जातं
- खोबरेल तेल, साधं. थंडीत थिजलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, ७० टक्क्यांचं. मी स्पिरिट म्हणते ते हेच
- कापूस, टिश्यू पेपर, पाण्याची स्प्रे बाटली
- रबरी हातमोजे आणि मास्क, शीटसाठी
- क्ले बार (पत्र्यात रुतलेली खरखर ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा) आणि तो सरकावा म्हणून मारायचं लुब्रिकंट, हे दर वेळी लागत नाही
- शेवटी लावायला वॅक्स

स्पिरिट सोडून मी हे सगळं एका जुन्या पिशवीत घालून डिकीत ठेवते. यातलं गाडीत कायम असावं असं काय विचाराल तर पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन मायक्रोफायबर, बाकीचं घरी असलं तरी चालतं. स्पिरिटची बाटली मात्र उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, ती पेट घेणारी वस्तू आहे.

३. गाडी सावलीत घ्या आणि पत्रा थंड होऊ द्या

उलटा हात बॉनेटवर ठेवा, चटका बसला तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू लगेच वाळतो, स्पिरिट काम करायच्या आधी उडून जातं आणि क्लिअर कोट गरम असताना जरा मऊ असतो त्यामुळे ओरखडा पटकन पडतो. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर करा. आणि सावली शोधताना परत त्याच झाडाखाली नको.

४. आधी धूळ उतरवा

डागावर काही लावायच्या आधी आजूबाजूची धूळ पाण्याने वाहून जाऊ द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीवर जी धूळ असते ती बारीक वाळूच असते, तिच्यावरून कापड फिरवलं म्हणजे पॉलिश पेपर फिरवल्यासारखं. पाइप असेल तर वरून खाली पाणी सोडा, नसेल तर मगाने. मग शॅम्पूच्या पाण्यात कापड बुडवून टपापासून खाली, सरळ रेषेत, गोल गोल नाही, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच परत शॅम्पूत. पाणीटंचाई असेल तर पूर्ण गाडी धुवायची गरज नाही, डागाभोवतीचा हातभर भाग स्प्रे बाटलीने नीट भिजवा, तेवढं पुरतं.

५. आता डाग

पक्ष्यांची शीट. अजिबात थांबायचं नाही असा हा डाग. यात यूरिक ॲसिड असतं, आणि उन्हात पत्रा तापला की ती क्लिअर कोटमध्ये खोल खुणा पाडते. मेमध्ये एका दिवसात खूण पडलेली मी माझ्याच टपावर बघितलीय, त्यामुळे "रविवारी धुऊ" हे इथे चालत नाही. पण सुकलेली शीट खरवडू नका, पेंटसाठी तर नाहीच, स्वतःसाठीही नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना घातक असते, दमा असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्याला सांगावं. मास्क लावा, टिश्यू पेपर पाण्यात भिजवून डागावर चिकटवा, वरून अजून पाणी मारा आणि पाच ते दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग टिश्यूसकट उचला, पुसू नका. राहिलं तर दुसरा टिश्यू. तीन वेळा करावं लागलं तरी करा. शेवटी भरपूर पाणी आणि हलक्या हाताने स्वच्छ कापड, तेही एकदाच एका दिशेने आणि मग घडी बदलून.

चिकटा, डिंक, मधमाश्यांचे ठिपके, किडे. सगळ्यांना कोमट पाणी. कोमट म्हणजे अंघोळीचं, उकळतं नव्हे. ओलं कापड डागावर पसरून ठेवा, डिंकाला वीस मिनिटंसुद्धा लागतात, मधेमधे पाणी मारत राहा. डिंक फुगून जेलीसारखा झाला की आपोआप सरकतो. काळी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात शॅम्पू जरा जास्त घाला आणि दोन-तीनदा करा. काचेच्या खालच्या जाळीत आणि वायपरच्या रबरावर चिकटा साचतो तो विसरू नका, नाहीतर पहिल्या पावसात वायपर काच पुसायच्या ऐवजी तिच्यावर चिकट पट्टा ओढतो.

फणस, वड, उंबराचा चीक. मामीची पद्धत. वर घट्ट गोळा असेल तर तो ओढून काढायचा मोह आवरा, चाकू, पट्टी, जुनं एटीएम कार्ड, काही नको. कापसावर खोबरेल घ्या, डागावर थापा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. कडेने सुटायला लागलं की अंगठ्याच्या मांसल भागाने, नखाने नाही, कडेकडून मधे ढकला. चिकाची वळी होऊन येते, फणस चिरल्यावर हाताची होते तशीच. एका वेळी नाही आलं तर परत तेल. सगळं निघालं की तो भाग शॅम्पूने दोनदा धुवा कारण तेल राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर धुळीचा थर बसलेला असेल.

आंब्याचा चीक. पाणी करून बघितलं, तेल करून बघितलं, नाही गेला, तर मग स्पिरिट. आधी कुठेतरी न दिसणाऱ्या जागी, दाराच्या आतल्या कडेला, एक थेंब लावून बघा, कापडावर रंग उतरला तर थांबा, तुमच्या गाडीवर हे चालणार नाही. रंग नाही उतरला तर कापडाच्या कोपऱ्यावर आयपीए घ्या, डागावर ३० सेकंद नुसतं धरून ठेवा, दाबू नका, मग हलकेच उचला. थेंब मऊ होऊन कापडाला लागतो. स्वच्छ कोपरा घ्या, परत ३० सेकंद. लगेच पाण्याने धुवा. पाच-पाच मिनिटं भिजवत ठेवायचं नाही, क्लिअर कोटलाही त्रास होतो. जवळ आयपीए नसेल आणि थेंब ताजा असेल तर हँड सॅनिटायझरने काम होतं, तेच नियम पाळून आणि नंतर नीट धुऊन. आसपास कुणी सिगारेट ओढत नाही ना बघा.

नुकतंच रंगकाम केलेला पॅनल असेल तर महिनाभर तरी स्पिरिट लावू नका, रंग आतून पूर्ण वाळलेला नसतो. मॅट रंगाच्या गाडीवर पुढच्या क्ले, पॉलिश आणि वॅक्स या पायऱ्या अजिबात नाहीत, मॅटपणा जाऊन तिथे चकचकीत ठिपका होतो. पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावलेलं असेल तर पाणी आणि शॅम्पूच्या पुढे जायच्या आधी ज्याने फिल्म लावली त्याला विचारा.

६. हात फिरवून बघा

धुऊन ओलं असताना पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घाला आणि बोटं पत्र्यावरून फिरवा. पिशवीमुळे बारीक खरखर लगेच जाणवते. गुळगुळीत असेल तर थेट पायरी ७. खरखर असेल तर तिथेच क्ले बार वापरा: लुब्रिकंट भरपूर मारा, क्ले चपटा करून दोन बोटांखाली सरळ रेषेत पुढे-मागे, वजन न देता, सुरुवातीला जरा अडकतो आणि मग सुळसुळ सरकायला लागला की तिथलं काम झालं. क्ले मळला की घडी करून स्वच्छ बाजू काढा. आणि क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्या. महाग असतो, जीव तुटतो, माझाही तुटला होता, पण त्यात रुतलेला एक खडा पूर्ण दारावर रेघा ओढतो.

७. डाग गेला पण खूण राहिली तर

मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. डागाच्या आकाराची कडा दिसतेय पण हाताला काही लागत नाही, म्हणजे क्लिअर कोटवर खूण पडलीय. हलकी असेल तर बारीक पॉलिश हाताने, फक्त तेवढ्याच जागी, दोन-तीन वेळा. याच्या पुढे स्वतः जाऊ नका.

आणि इथे एक कळकळीने सांगते. माझ्या आधीच्या गाडीला एका वॉशिंग सेंटरमध्ये दर सर्व्हिसिंगला "मॅडम, रबिंग करून देतो, नवी दिसेल" म्हणून मशीन फिरवून द्यायचे, मीही हो म्हणायचे. नवी दिसायचीच. रबिंग म्हणजे क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा तासून काढणं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि चौथ्या वर्षी टपावर पांढरे चट्टे आले, मग रंगवण्याशिवाय उपाय उरला नाही. तेव्हा एका डागासाठी पूर्ण गाडीला रबिंग करू देऊ नका. करायचंच झालं तर पेंटची जाडी मोजायचं मीटर ज्याच्याकडे आहे आणि जो ते तुमच्यासमोर लावून आकडा दाखवतो, त्याच्याकडेच करा.

८. वॅक्स

स्पिरिट, तेल, क्ले यातलं काहीही लागलं की तिथलं जुनं वॅक्स गेलेलं असतं, पत्रा उघडा पडलेला असतो. म्हणून त्याच दिवशी वॅक्स लावा. पातळ थर, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ, मग कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. लावल्यावर पाणी मारलं की मोत्यांसारखे थेंब उभे राहतात, ते चपटे पसरायला लागले की परत लावायची वेळ झाली. मी वर्षातून चारदा लावते, त्यातलं एक डिसेंबरात मोहोर यायच्या आधी आणि एक मेच्या मध्यावर नक्की. सिरॅमिक कोटिंग असलं तरी शीट तशीच ठेवून चालत नाही, कोटिंगवरही खूण पडते, फक्त काढायला सोपं जातं.

हे मात्र करू नका

- पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर. डाग जातो हे खरं, पण थिनर आणि रिमूव्हर रंगही उचलतात, पेट्रोलने रबर-प्लास्टिकच्या पट्ट्या खराब होतात, वर आगीची भीती
- हिरवा स्क्रबर, काथ्या, तारेची घासणी, वर्तमानपत्र
- राख, बेकिंग सोडा, टूथपेस्ट. तिन्ही घासूनच काम करतात
- लिंबू लावून उन्हात ठेवणं
- डागासकट कव्हर घालणं. कव्हर वाऱ्याने हलतं, खालची धूळ घासत राहते आणि आतल्या उष्णतेने शीट अजून पक्की होते
- वायपर चालवून काचेवरची शीट काढणं. एक फवारा आणि सगळी काच पांढरी, तेही हायवेवर

शेवटचं, सकाळी गाड्या पुसणाऱ्या दादांबद्दल. एका बादलीत आणि एका फडक्यात ते पंधरा-वीस गाड्या पुसतात, त्यांना वेळ तेवढाच मिळतो, त्यात त्यांचा दोष नाही. मी आमच्या दादांना दोन कापडं माझीच देऊन ठेवलीत आणि एवढंच सांगितलंय की "दादा, टपावर शीट किंवा चीक दिसला तर पुसू नका, मला मिसकॉल द्या." ते देतात. मग मी स्प्रे बाटली घेऊन खाली जाते, टिश्यू ओला करून ठेवते, वर येऊन चहा पिते, आणि परत खाली जाईपर्यंत तो सुटलेला असतो.